जावाचा ढोल आणि आबांचा काकडा

भूगोल शिकवता शिकवता माझी नोकरी सरत आली. जावा बेट मी दरवर्षी फळ्यावर काढायचे, आडवं आणि लांबट, भेंडीसारखं. तिथं भात होतो, ऊस होतो, ज्वालामुखी आहेत, वस्ती दाट आहे, एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळायचं. त्या भेंडीवरचा माणूस एक दिवस परभणीत माझ्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला येईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तो आला कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करायला. तिशीला टेकलेला, ठेंगणा, सदा हसतमुख. यजमानांनी मला न विचारताच खोली देऊन टाकली होती, म्हणून सुरुवातीला मी फुगूनच होते. सामान बेताचंच होतं: एक बॅग, पुस्तकांचं खोकं आणि चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं. त्या गाठोड्याला त्यानं रिक्षावाल्याला हातसुद्धा लावू दिला नाही. मला वाटलं, घरून तांदूळ आणलाय की काय! वर नेऊन त्यानं चादर सोडली आणि आतून ढोल निघाला.

माझ्या कपाळाला आठी पडली. ढोलाची मला ओळख नाही असं नाही. ठेक्यातच वाढलेय मी. माझं माहेर वालूरचं. वडील, म्हणजे आमचे बाबा, भजनात पखवाज वाजवतात, आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते भजन गातात. म्हणूनच मला पक्कं ठाऊक होतं की घरात एक वाजवणारा आला की दुपारची झोप विसरायची.

पहिलं भांडण झालं ते मात्र झोपेवरून नाही. वरची खोली पुसायला गेले तर ढोल मधोमध पडलेला. मी आपली पदर खोचून त्याच्यावरून पाय टाकून पलीकडे गेले. पुस्तकात तोंड घालून बसलेला हा गृहस्थ ओरडत उठला, "ताई, नको! वरून नको!" मला रागच आला. माझ्या घरात मी कुठं पाय ठेवायचा हे हा सांगणार? मग त्यानं हात जोडून, रिक्षा स्टँडवर शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे वाद्याला ओलांडत नाहीत, वळसा घालून जातात. माझा राग तिथंच विरला. बाबांच्या पखवाजाला लहानपणी चुकून माझा पाय लागला तेव्हा त्यांनी मला त्याच्यापुढं नाक घासायला लावलं होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असंच नाक घासलं असणार, असं वाटून मला हसू आलं.

त्या ढोलाला ते लोक कंदांग म्हणतात. फणसाचं लाकूड, दोन्ही तोंडांना कातडं, एक तोंड मोठं आणि एक लहान. काठीनं बडवत नाहीत, हातानं वाजवतात. तो संध्याकाळी गच्चीवर बसून वाजवायचा आणि तोंडानं बोल म्हणायचा: तक, थुंग, धा, केत. मी खाली भाजी निवडत ऐकायची. बोल इतके ओळखीचे, की निवडलेली मेथी बाजूला आणि देठं पातेल्यात असं एकदा झालं.

त्याच वर्षी कार्तिकात वालूरला आबांना धाप लागली.

काकडा म्हणजे कार्तिकातलं पहाटेचं भजन. आमच्या गावच्या विठ्ठलाच्या देवळात महिनाभर चालतं. आबा ओळ म्हणणार, टाळकरी ती उचलणार, बाबांचा पखवाज आबांच्या मागं. मला कळायला लागल्यापासून यात बदल नाही. बाबांचं एकच तत्त्व: गाणारा पुढं, वाजवणारा मागं. गाणारा धावला तर धावायचं, थांबला तर थांबायचं, त्याला कुठं उघडं पडू द्यायचं नाही. पण आबांचं वय झालं होतं. थंडीत त्यांचा श्वास पुरेना. ओळ अर्ध्यावर तुटायची आणि टाळकरी पुढं निघून जायचे. मंडळातल्या तरण्या पोरांना चाल जलद लागते. आता माईकही आलाय. ती पोरं वाईट नाहीत. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं, "आबा, तुमी आता निवांत बसा, आशीर्वाद द्या."

आशीर्वाद द्या म्हणजे गप्प बसा, हे आबांना कळत नव्हतं असं नाही. माझ्या चुलतीला जाऊन बरीच वर्षं झाली, पोरं पुण्याकडं. त्या माणसाला पहाटे उठायला काकडा हे एकच कारण उरलं होतं. आणि बाबांनी जाहीर करून टाकलं, "दादा न्हाई गायला तर माझाबी पखवाज खुंटीला." कसाबसा तो कार्तिक पार पडला. पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न मात्र घरात सगळ्यांच्या डोळ्यांत होता आणि तोंडानं कुणीच बोलत नव्हतं.

मे महिन्यात परभणीच्या उन्हानं कंदांगाला पिळून काढलं. दमट हवेत वाढलेलं ते कातडं, इथल्या कोरड्या झळांनी ताणून ताणून असं झालं की नुसतं टण टण वाजायचं. बिचारा आमचा जावाचा पाहुणा रडवेला झाला. मी म्हटलं, चल, आमच्या बाबांना दाखवू. दोघं एसटीनं वालूरला गेलो. ढोल मांडीवर घेऊन तो सगळी वाट बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला स्वतः उडून ढोल सांभाळत होता.

बाबांनी ओट्यावर बसून ढोल न्याहाळला. लाकडाला टिचकी मारली, वास घेतला. "फणस हाय," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी ढोल मांडीवर घेतला आणि भुवया आवळल्या. आपल्या पखवाजाचं मोठं तोंड डाव्या हाताला असतं. या ढोलाचं मोठं तोंड तो मुलगा उजव्या हाताला धरत होता. "उलटं धरायलाय की हे पोरगं," असं माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. कुणी शिकवलं नसेल, अशी दया त्यांच्या तोंडावर होती.

पाहुणा आबांबरोबर मळ्यात आंबे उतरवायला गेला. तेवढ्यात बाबांनी आईकडून कणीक मळून घेतली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय खोल घुमारा येत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढतात. बाबांच्या हिशेबानं त्या ढोलाचं दुखणं साधं होतं: धरला उलटा आणि कणकेवाचून उपाशी. त्यांनी तो सुलटा केला, म्हणजे त्यांच्या मतानं सुलटा, आणि मोठ्या तोंडावर ऐसपैस कणीक थापून दिली. वर पाण्याचा हात फिरवला. मी शेजारी बसून कौतुकानं बघत होते.

पाहुणा आला, त्यानं पाहिलं, आणि हातातला आंबा खाली पडला.

"हे काय?" त्यानं विचारलं. "कणीक," बाबा अभिमानानं म्हणाले. "रोटीवाला आटा?" त्यानं माझ्याकडं बघून विचारलं. मी मान हलवली. त्यांच्याकडे कातडं उघडंच ठेवतात, त्याला काही लावत नाहीत, हे त्यानं सांगितलं तेव्हा बाबांचा हात तसाच हवेत राहिला. आबा दारातून म्हणाले, "आता तवा ठेवा अन् भाजा." मी तोंडात पदर कोंबला. पाहुणाही हसला, पण डोळ्यांनी तो ढोलच बघत होता.

घटकाभर त्या ढोलाचा आवाज खरंच खोल, गोड झाला. मग कातडं पाणी प्यालं आणि ढिलं पडलं. दुसऱ्या दिवशी उन्हानं कणीक पापडासारखी वाळून चिकटून बसली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माफी मागणं त्यांच्या तोंडात बसत नाही. हातांनीच काय ते करतात. ओल्या फडक्यानं कणीक मऊ करत करत त्यांनी ती कणाकणानं सोडवली, ढोल सावलीत ठेवला आणि रोज थोड्या थोड्या चामड्याच्या वाद्या ओढत कातडं मूळ जागी आणायला लागले. घाई करून चालणार नव्हतं. म्हणून दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा वालूरला चांगला मुक्कामालाच राहिला, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

संध्याकाळी अंगणात गप्पा व्हायच्या. मी दुभाषी. आबांनी विचारलं, तुमच्यात ढोल कशाकशाला लागतो? त्यानं सांगितलं की जुन्या मशिदीत एक थोरला ढोल टांगलेला असतो, बांग द्यायच्या आधी तो वाजवतात. आबा चकित. मग तो आईच्या माहेराविषयी बोलला. ती मलय, समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरची. तिकडे नवरदेवाला वाजतगाजत आणतात ते कोम्पांगाच्या ताफ्यानं. कोम्पांग म्हणजे एका अंगाला कातडं असलेला, आपल्या डफासारखा. गंमत अशी की सगळा ठेका एकटा कुणीच वाजवत नाही. एकाच्या थापांमध्ये जी जागा राहते ती दुसरा भरतो, त्याची तिसरा. ऐकणाऱ्याला वाटतं एकच मोठा ढोल वाजतोय.

आबांनी बोटांनी मांडीवर तो ठेका धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे एकाला धाप लागली तरी ठेका तुटत न्हाई." बाबांनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी आंब्याच्या कोयी उचलायच्या निमित्तानं उठले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं मोबाईलवर त्यांच्याकडचा वाद्यमेळ ऐकवला. काशाची भांडी, थाळ्या, टांगलेल्या मोठ्या झांगटा, कितीतरी माणसं आणि मध्ये कुठंतरी हा ढोल. बाबांनी निकाल दिला, "भांड्यांचं दुकान हाय." पण मोबाईल परत दिला नाही. ऐकता ऐकता ते एकदम ताठ बसले. सगळा मेळ एका ठिकाणी हळूहळू मंद झाला होता, आणि तरी ओकाबोका वाटत नव्हता. उलट आधीपेक्षा भरला होता.

"हे कोण हळू करायलंय?"

पाहुण्यानं ढोलावर बोट ठेवलं. मग तो समजावून सांगायला लागला. त्यांच्याकडे ढोलवाला गाजावाजा करत नाही, पण मेळ त्याच्या हातात असतो. कुठं थांबायचं, कुठं वळायचं, हे तो थापेत सांगतो. त्यानं गती उतरवली की मूळ सुरांमधली जागा रुंद होते, आणि त्या जागेत बारीक वाजवणारे दुप्पट सूर भरतात. म्हणून हळू झालं तरी रिकामं होत नाही.

"अन् गाणाऱ्याला ईचारत न्हाई?"

"नाही, बाबा. गाणारा पण ऐकतो."

"आमच्यात असं केलं तर गाणारा टाळ फेकून मारील," बाबा म्हणाले. आबा तेव्हा आत झोपले होते. बाबांनी आतल्या दाराकडे पाहिलं, आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

आम्ही परभणीला परतलो ते ढोल बरा करून. पावसाळाभर बाबांचे फोन यायचे. लेकीची चौकशी एका वाक्यात संपायची आणि लगेच, "ते पोरगं हाय का वर? दे जरा." मी चिडवायची, की आता भाडंही तुम्हीच घ्या. मग फोन स्पीकरवर ठेवून दोन वाजवणारे माझ्या स्वयंपाकघरात बसायचे, एक तिकडे, एक इकडे. गती उतरवायची तर आधी खूण कशी द्यायची? किती हळू, की ऐकणाऱ्याला उतरल्यासारखं वाटू नये? तो ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवायचा, माझी फोडणी करपायची.

बाबा कशाची तयारी करताहेत हे मला न समजण्याइतकं अवघड नव्हतं. एकदा मीच स्पष्ट विचारलं. बाबांनी आधी पावसापाण्याचं काढलं. मग म्हणाले, "हातात बसायलंय. पण दादाच्या पुढं कधी चाललो न्हाई गं मी." ते अगदी खरं होतं. शेताला जाताना, बाजाराला जाताना, देवळाला जाताना बाबा आबांच्या एक पाऊल मागं असतात. रस्ता मोकळा असला तरी. आबांनी त्यांना शाळेत घातलं, स्वतः शाळा सोडून. त्या माणसाला हात धरून चालवायचं, तेही सगळ्या गावासमोर आणि त्याला न सांगता, हे बाबांना जड जात होतं. मला वाटायचं, यात कसला अपमान? पण मी कधी कुणाच्या मागं चालले नाही, माझ्या वाटण्याला काय अर्थ.

कार्तिक आला. दिवाळीच्या सुट्टीत मी वालूरला गेले, पाहुणाही बरोबर. त्यानं मला एसटीतच विचारून घेतलं होतं, देवळात मी आलेलं चालेल ना? आबांना विचारलं तर म्हणाले, "टाळ धरता येतो का, तेवढं ईचार."

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच पहाटे नेमकं व्हायचं ते झालं. आबांनी ओळ उचलली, मधेच छातीवर हात गेला, ओठ हलले आणि आवाज आला नाही. माईकजवळच्या एका पोरानं ओळ झेलली आणि पुढं नेली. त्यात त्याचं काय चुकलं? भजन पडू द्यायचं नसतं. पण घरी आल्यावर आबांनी चहाला हात लावला नाही. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले. संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून मी येत न्हाई म्हणून सांग त्येंना."

बाबा म्हणाले, "गाऊ नको. नुसता येऊन बस."

पहाटे कडाक्याची थंडी होती. आबा आले, खांबाला टेकून बसले, उपरणं कानाला गुंडाळलेलं. आम्ही बायका डाव्या अंगाला. पाहुणा टाळकऱ्यांत, हातात टाळ. बाबांनी पखवाजाला कणीक लावली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावली. मग आबांकडं न बघता त्यांनी आबांच्याच आवडत्या अभंगाचा, सगळ्यांच्या ओळखीचा ठेका धरला. ठेका सुरू झाला आणि कुणी गाईना, कारण तो अभंग दुसऱ्या कुणी म्हणायचा प्रघातच नव्हता. माईकवाल्या पोरानंही मागं वळून आबांकडं पाहिलं. आबांना उठावंच लागलं.

पहिल्या ओळी नीट गेल्या. मग मला दिसलं, आबांचे खांदे वर वर यायला लागले. मी शेजारणीचा हात धरला. आणि तेवढ्यात पखवाजावर एक वेगळी थाप पडली, आमच्या देवळात कधी न ऐकलेली, दोनदा. गती उतरायला लागली. एकदम नाही; उतारावरची बैलगाडी जाणता माणूस आवरतो तशी. टाळकरी गोंधळले, एकदोघांचे टाळ आधीच वाजून गेले. क्षणभर मला वाटलं, पडलं आता भजन. पण एक टाळ तेवढा चुकला नाही. रुंद झालेल्या जागेत तो दुप्पट वाजायला लागला, बारीक, सावकाश, न थकता. मी बघितलं तर पाहुणा डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या शेजारच्यानं ऐकलं आणि तसंच धरलं, मग त्याच्या पलीकडच्यानं. बघता बघता सगळे टाळ त्या जागेत भरून आले.

आणि त्या सगळ्याच्या आत आबांना श्वास घ्यायला जागा झाली. ओळ म्हणायची, थांबायचं, छाती भरून घ्यायची, पुढची ओळ. धाप होती, पण ती उघडी पडत नव्हती. आबा शेवटच्या ओळीपर्यंत गेले, आणि शेवटचं चरण त्यांनी आणखी एकदा घेतलं, कुणी न सांगता. मी रडत होते, आणि तेव्हा लपवावंसं मला वाटलं नाही.

बाबांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं. आरती झाली, कणीक खरवडून झाली तरी ते पखवाज पुसतच बसले होते. त्यांना भीती वाटत होती, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. अख्ख्या गावाला नाही कळलं तरी आबांना न कळणं शक्य नव्हतं; एवढी वर्षं ज्या पखवाजावर पाठ टेकली तो आज पुढं होता.

घरी निघालो तेव्हा उजाडत होतं. पाहुणा आणि मी सगळ्यांच्या मागं. आबा काठी टेकत पुढं, बाबा नेहमीसारखे एक पाऊल मागं, खांद्यावर पखवाज. वेस आली. मग आबांनी मागं न वळता विचारलं,

"कळलं न्हाई वाटलं व्हय रं तुला?"

बाबा जागीच थांबले. आबा दोन पावलं पुढं गेले, काठी टेकून उभे राहिले, आणि श्वास भरून घेऊन म्हणाले,

"उद्याबी असंच वाजव."